रात्री दोनला डेटाबेस मरतो – डेबियन १३, सीग्रुप आणि ओओएम किलर

माटोळी | सोमवार, रात्री ११.१२

मंडळी, चवथ पंधरा दिवसांवर आलीय आणि मी रोज सकाळी सहाला उठून मेलेला डेटाबेस उठवतोय. कोणीतरी सोडवा यातून.

डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात जुन्या मराठी मासिकांचे गठ्ठे आहेत. पावसाळ्यात कपाट उघडलं की बुरशीचा वास येतो, वाळवीने काही अंक आरपार केलेत. उरलेत तेवढे स्कॅन करून त्यांचा मजकूर शोधता येईल असं करायचं, म्हणून वरच्या खोलीत डेबियन लिनक्सवाला एक ८ जीबी रॅमचा डबा ठेवलाय. त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस, छोटी वेबसाइट आणि रात्री चालणारी ओसीआरची, म्हणजे चित्रातली अक्षरं वाचून मजकूर करणारी, पायथन स्क्रिप्ट. ती टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रॅमचे चार वर्कर चालवते.

सगळं मिळून मशीनच बसवू नये म्हणून मी 'ग्रंथ.स्लाइस' नावाची एक स्लाइस, म्हणजे प्रोसेसचा एक गट (सीग्रुप), केली, मेमरीमॅक्स म्हणजे मेमरीची कमाल मर्यादा ६ जीबी दिली आणि तिन्ही सर्व्हिस तिच्यात टाकल्या. सर्व्हिसच्या सेटिंगच्या युनिट फाइली माझ्याच हातच्या. दीड वर्ष तक्रार नव्हती. गेल्या महिन्यात डेबियन १२ वरून १३ वर गेलो आणि तेव्हापासून दर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास पोस्टग्रेस बंद. दोनला शोधाचा इंडेक्स नव्याने बांधायचं काम लागतं, तेवढंच त्या वेळेचं विशेष. सर्व्हिस चालू-बंद करणारं सिस्टिमडी म्हणतं 'ऊम-किल', म्हणजे मेमरी संपली म्हणून लिनक्सच्या गाभ्याने, कर्नलने, आपल्या ओओएम किलरकरवी प्रोसेस मारली. गंमत म्हणजे ओसीआर मात्र पहाटेपर्यंत मजेत चालू असतं.

पोस्टग्रेसमध्ये मेमरी गळतेय का?

---

पोदेर | सोमवार, रात्री ११.३०

रॅम वाढव आणि झोप, पात्रांव.

---

शेवंती | सोमवार, रात्री ११.४१

पोदेर, ६ ची मर्यादा त्याने स्वतः घातलीय. १६ जीबी घातली तरी स्लाइस सहालाच अडणार.

माटोळी, गळतीचा निष्कर्ष एवढ्यात नको. कर्नलच्या लॉगमध्ये त्या रात्रीची 'ऊम-किल:' ने सुरू होणारी ओळ असेल, ती आणि तिच्या खालची 'किल्ड प्रोसेस'वाली ओळ इथे टाक. पहिल्या ओळीत 'कन्स्ट्रेंट=' च्या पुढे काय आहे ते नीट बघ. 'नन' असेल तर सगळ्या मशीनची मेमरी संपली. 'मेमसीजी' असेल तर तुझ्याच कुंपणाने, म्हणजे स्लाइसच्या मर्यादेने, मारलं. दोन्हींचा इलाज अगदी वेगळा.

---

माटोळी | मंगळवार, सकाळी ६.२०

शेवंतीताई, आज पुन्हा पडला, त्यामुळे ताजी ओळ मिळाली. मोबाईलवरून टंकतोय, मधलं गाळलंय.

ऊम-किल: कन्स्ट्रेंट=कन्स्ट्रेंट_मेमसीजी … ऊम_मेमसीजी=/ग्रंथ.स्लाइस, टास्क_मेमसीजी=/ग्रंथ.स्लाइस/पोस्टग्रेस.सर्व्हिस, टास्क=पोस्टग्रेस

मेमरी सीग्रुप आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस … अनॉन-आरएसएस:६२३४४केबी … शेमेम-आरएसएस:१९८७६१२केबी

म्हणजे कुंपण माझंच. पण पोस्टग्रेसच का? खरा खादाड ओसीआर आहे ना?

---

शेवंती | मंगळवार, सकाळी ९.०५

उत्तर तुझ्या दुसऱ्या ओळीतच आहे. अनॉन, म्हणजे प्रोसेसची स्वतःची मेमरी, फक्त ६२ एमबी, आणि शेमेम, म्हणजे सामायिक मेमरी, जवळजवळ दोन जीबी. तुझे शेअर्ड बफर्स (पोस्टग्रेसच्या सगळ्या प्रोसेस मिळून वापरतात तो साठा) २ जीबीचे असणार, बरोबर?

ओओएम किलर बळी निवडतो तो साध्या हिशोबाने: त्या प्रोसेसची रॅममधली पानं (मेमरीचे छोटे तुकडे), स्वॅपमधली, म्हणजे डिस्कवर हलवलेली, पानं आणि त्या पानांचे पत्ते ठेवणारी पेज टेबलं यांची बेरीज, वर ऊम_स्कोर_ॲडज, म्हणजे आपण हाताने द्यायची कमी-जास्त भर, जो काही असेल तो. रॅममधल्या पानांत सामायिक पानंही मोजली जातात. पोस्टग्रेसच्या ज्या बॅकएंडने, म्हणजे एकेक काम करणाऱ्या प्रोसेसने, रात्री दोनला इंडेक्स बांधताना सगळे शेअर्ड बफर्स चाळले, तो कागदावर दोन जीबीचा राक्षस दिसतो. तुझा टेसरॅक्ट वर्कर केवढा, ४०० एमबी? मग ताटातला मोठा लाडू कोणता हे किलरला विचारायलाच नको.

आणि हा राक्षस मारून हाती काय लागतं? ६२ एमबी. सामायिक भाग बाकीच्या पोस्टग्रेस प्रोसेस धरून बसलेल्याच असतात. तुझ्याकडे मात्र पुढची पायरी झाली. एक बॅकएंड मारला गेल्याचं सिस्टिमडीने पाहिलं. अशा वेळी काय करायचं ते सांगणारी ऊमपॉलिसी तू लिहिलेली नसणार, तेव्हा मूळची 'स्टॉप' लागू. त्याने अख्खा पोस्टग्रेस शिस्तीत बंद केला, दोन जीबी मोकळे झाले, आणि त्या जागेत तुझं ओसीआर पहाटेपर्यंत सुखाने नांदलं.

---

तिसवाडीकर | मंगळवार, सकाळी १०.३०

एवढं पुराण कशाला? पोस्टग्रेसला ऊम_स्कोर_ॲडज उणे १००० दे. त्याला कोणी हात लावणार नाही. मी सगळीकडे हेच करतो.

---

शेवंती | मंगळवार, सकाळी १०.५२

सगळीकडे करत असशील तर एक दिवस फसशील. ही किंमत फोर्क करताना, म्हणजे प्रोसेस नवी प्रोसेस काढते तेव्हा, मुलांना वारशाने जाते. मुख्य पोस्टग्रेसला उणे १००० दिलंस की प्रत्येक बॅकएंडही अमर. मग एखाद्या बावळट क्वेरीने दहा जीबी मागितले तर तिला कोण आवरणार? म्हणून पोस्टग्रेसमध्ये सोय आहे: पीजी_ओओएम_ॲडजस्ट_फाइल हे एन्व्हायर्नमेंट चल दिलं की मुख्य प्रोसेस सुरक्षित राहते आणि बॅकएंड स्वतःची किंमत परत शून्यावर आणतात. मूल मेलं तर आई बाकीच्यांना थांबवून, रिकव्हरी करून पुन्हा उभी राहते. आई मेली तर सगळंच संपलं.

पण मुळात हे सगळं दुसऱ्या नंबरचं. हा गट नीट पाडलेलाच नाही. डेटाबेस आणि ओसीआर एका कुंपणात घातले आणि वर कर्नलला म्हटलं, जागा संपली तर यातला कोणीही मार. त्याने मारला.

---

कुळागर | मंगळवार, दुपारी १.१५

माझा बाळबोध प्रश्न. मर्यादा संपली तर मेमरी मागायच्या मॅलॉकने 'नाही' म्हणायला हवं ना? प्रोग्रॅम एरर देईल, आपण लॉग वाचू. थेट गोळी का?

---

जुना_खांब | मंगळवार, दुपारी ३.४०

कुळागर, प्रश्न बाळबोध नाही. मॅलॉक देतो तो फक्त पत्ता. खरं पान मिळतं ते त्या पत्त्यावर पहिल्यांदा लिहिलंस की, आणि गटाच्या खात्यावर ते मांडलं जातं तेही तेव्हाच. त्या क्षणी प्रोग्रॅम कुठल्या तरी साध्या बेरजेच्या ओळीत असतो. तिथे 'एरर' परत करायला जागाच नाही. आधी कर्नल त्या गटातली जुनी पानं परत मिळवायला धडपडतो, काहीच निघालं नाही तर किलर.

आता म्हाताऱ्याचं जरा ऐका. सीग्रुपचं काम २००६ साली गूगलमध्ये पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी सुरू केलं, तेव्हा नाव होतं प्रोसेस कंटेनर्स. कर्नलमध्ये आलं ते २.६.२४ ला, २००८ च्या जानेवारीत. मेमरीचा हिशोब ठेवणारा भाग त्याच्या पुढच्या २.६.२५ मध्ये. सीग्रुपच्या पहिल्या आवृत्तीत, व्ही१ मध्ये, पुढे ऊम_कंट्रोल नावाची फाइल आली. तिच्यात १ लिहिलं की किलर बंद. मर्यादा संपली की मागणारी प्रोसेस मरत नसे, झोपून राहत असे. तुम्हाला सूचना येई, आणि तुमचा राखणदार प्रोग्रॅम ठरवी: मर्यादा वाढवायची, कोणाला हलवायचं की कोणाला मारायचं.

वाचायला सुरेख. मीही हुरळून वापरलं होतं. रायबंदरहून चोडणला जाणारी फेरी डोळ्यांपुढे आणा. बोट भरली, फाटक पडलं, बाकीचे रांगेत उभे. ठीक. पण फाटक उघडणारा माणूसच चहा पिऊन येऊन रांगेत अडकला तर? माझा राखणदार मी त्याच गटात ठेवला होता. त्याला लॉगची एक ओळ लिहायला चार केबी लागले, तोही झोपला. सगळे झोपलेले, आणि उठवणारा त्यांच्यातच. भरीला झोपलेल्यांपैकी एकाच्या हातात फाइलीचं कुलूप असे, मग गटाबाहेरचाही कोणी त्या फाइलीपाशी आला की अडकलाच. ते कुलूप धरून झोपण्याचं दुखणं २०१३ साली कर्नल ३.१२ मध्ये बरंचसं निस्तरलं. राखणदारासाठी थोडी मेमरी राखून ठेवावी असा प्रस्ताव गूगलच्याच डेव्हिड रिएंट्जेस यांनी त्याच वर्षी मांडला होता, तो कर्नलमध्ये गेला नाही.

दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे कर्नल ४.५ पासून अधिकृत झालेल्या सीग्रुप व्ही२ मध्ये, किलर बंद करायचं ते बटणच ठेवलं नाही. मला वाईट वाटलं नाही.

---

पोदेर | मंगळवार, दुपारी ४.०२

चोडणच्या फेरीत माझी अर्धी जवानी गेली, तिचा असा उपयोग होईल वाटलं नव्हतं.

---

माटोळी | गुरुवार, सकाळी ७.१०

अपडेट, आणि नवं रडगाणं.

पोस्टग्रेस स्लाइसबाहेर काढला. त्याला मेमरीलो २.५ जीबी दिलं, म्हणजे मशीनला चणचण आली तरी शक्यतो तेवढ्याला धक्का नको. ओसीआरला वेगळं मेमरीमॅक्स ३ जीबी. आणि लगेच गोळी नको म्हणून मेमरीहाय २.५ जीबी. वाटलं, हायपाशी जरा दमानं घेईल आणि काम उरकेल.

डेटाबेस दोन्ही रात्री जिवंत. देव बरें करूं. पण ओसीआर! साठ पानांचा एक अंक एरवी पाऊण तासात होतो. काल रात्री दहाला लावला, सकाळी बघतो तर अकरा पानं. कोणी मेलं नाही, एरर नाही, सीपीयू थंड. मेमरी.प्रेशर फाइलीत 'फुल'च्या ओळीत ॲव्हजी१० नव्वदीच्या वर.

---

शेवंती | गुरुवार, सकाळी ९.२०

हायचा स्वभावच तो. ते ओलांडल्यावर किलर येत नाही. कर्नल त्या गटाला पानं परत द्यायला लावतो आणि जमेना तर मागणाऱ्याला मुद्दाम थांबवून ठेवतो. परत देण्याजोगं काही असेल तर हे उत्तम चालतं. स्वॅप ठेवलायस का? नसणार. मग अनॉन पानं कुठेच जाऊ शकत नाहीत. 'फुल' नव्वद म्हणजे त्या दहा सेकंदांपैकी नऊ सेकंद गटातला एकही वर्कर पुढे सरकला नाही, सगळे मेमरीच्या दारात उभे. हाय लावायचं तर कोणीतरी बाहेरून प्रेशर बघणारा हवा, नाहीतर मरणाऐवजी अंथरुणाला खिळणं पदरी येतं.

पण मला खटकतंय ते वेगळं. चार वर्कर, प्रत्येकी ४०० एमबी, म्हणजे १.६. मग अडीच भरतं कशाने? ओसीआर चालू असताना त्या गटाच्या मेमरी.स्टॅटमधली 'शेमेम' ओळ दे.

---

माटोळी | गुरुवार, सकाळी ९.४४

शेमेम: साधारण ९०० एमबी. पण थांब, जुन्या स्लाइसचा सोमवारचा आकडा वहीत टिपलेला आहे. तेव्हा ओसीआर मध्येच बंद करून पाहिलं होतं, तरी स्लाइसचा शेमेम ४.१ जीबी होता. मी म्हटलं पोस्टग्रेसचा असेल.

---

शेवंती | गुरुवार, सकाळी ९.५०

त्यातले २ पोस्टग्रेसचे. उरलेले २.१ कोणाचे? ओसीआर तर बंद होतं.

तुझी स्क्रिप्ट पानांची चित्रं कुठे काढून ठेवते?

---

माटोळी | गुरुवार, सकाळी ९.५८

/टीएमपी मध्ये, तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरात. पूर्ण अंक झाला की पुसते.

अरे देवा.

---

जुना_खांब | गुरुवार, सकाळी १०.१५

सापडला चोर. डेबियन १३ मध्ये /टीएमपी आपोआप टीएमपीएफएसवर असतं, म्हणजे रॅममध्ये, रॅमच्या निम्म्यापर्यंत. डेबियन १२ पर्यंत ते तुझ्या डिस्कवर होतं. ए४ पान ६०० डीपीआयला करड्या रंगात काढलं तर साडेतीन कोटी पिक्सेल, दाबल्याशिवाय ३५ एमबी. साठ पानांचे २.१ जीबी. तुझ्या वहीतला आकडा तंतोतंत.

यातली मेख बघा, कारण ही मी लोकांना वारंवार चुकताना पाहिलीय. टीएमपीएफएसमधल्या फाइलीचं पान ज्या गटाने पहिल्यांदा लिहिलं त्याच्या खात्यावर मांडलं जातं. फाइल पुसेपर्यंत ते तिथेच. प्रोसेस मारून ते सुटत नाही, कारण ते प्रोसेसचं नाहीच, फाइलीचं आहे. किलरला प्रोसेस मारता येते, फाइल पुसता येत नाही. तो एक मारणार, मोकळं होणार थोडंसं, पुन्हा मारणार. सर्व्हिस बंद केली तरी वरच्या स्लाइसच्या आकड्यात ते ओझं राहतंच, म्हणून तुला ओसीआर बंद असतानाही ४.१ दिसले.

स्क्रिप्टला टीएमपीडीआयआर=/व्हार/टीएमपी दे. डिस्कवरच्या फाइलींची पानंही गटाच्याच खात्यावर येतात, पण ती लिहून झाल्यावर कर्नल हवी तेव्हा सोडून देऊ शकतो. मग तुझं मेमरीहायसुद्धा माणसासारखं वागेल. सगळ्या मशीनचं /टीएमपी डिस्कवर हवं असेल तर टीएमपी.माउंट मास्क करायची वाट आहे, पण इथे गरज नाही.

---

तिसवाडीकर | गुरुवार, सकाळी ११.००

म्हणजे पोस्टग्रेस निर्दोष, ओसीआर निर्दोष, गुन्हेगार अपग्रेड.

---

शेवंती | गुरुवार, सकाळी ११.२०

अपग्रेडने फक्त उघडं पाडलं. टीएमपी हलवल्यावरही एखाद्या रात्री ओसीआर ३ जीबीच्या मर्यादेला भिडेलच, तेव्हा काय व्हावं हे आत्ताच ठरव.

माटोळी, वर्कर पायथनच्या मल्टिप्रोसेसिंगच्या पूलने चालवतोस का? त्यातला एक वर्कर किलरने मारला तर पूल नवा वर्कर उभा करतो, पण मेलेल्याच्या हातातलं पान हरवतं आणि मुख्य प्रोसेस त्याच्या उत्तराची वाट बघत जन्मभर बसते. सर्व्हिस 'चालू' दिसते, काम शून्य. चौघांपैकी एक मारणं हे इथे सगळ्यात वाईट. मारायचे तर पाचही एकदम, आणि पुन्हा सुरुवात.

त्यासाठी मेमरी.ऊम.ग्रुप ही फाइल आहे, कर्नल ४.१९ पासून. फेसबुकचे रोमन गुश्चिन यांचं काम. तिच्यात १ असेल तर किलर त्या गटाला एकच जीव समजतो. उणे १००० वाल्यांना तेवढं वगळतो. सिस्टिमडीत ओसीआरच्या युनिटमध्ये ऊमपॉलिसी=किल लिही, ते हीच फाइल १ करतं. सोबत रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर, आणि झालेली पानं वगळायची एक अट स्क्रिप्टमध्ये.

पोस्टग्रेसला बरोब्बर उलटं: ऊमपॉलिसी=कंटिन्यू. एक बॅकएंड गेला तर सावरायचं कसं हे त्याचं त्याला ठाऊक आहे, सिस्टिमडीने मध्ये पडून दुकान बंद करू नये.

---

कुळागर | गुरुवार, दुपारी २.३०

मग सिस्टिमडी-ऊमडी कशाला असतं? माझ्या लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ टाकल्यावर त्याने चालता ब्राउझर सगळ्या टॅबांसकट उडवला होता. मी वैतागून काढून टाकलं.

---

जुना_खांब | गुरुवार, संध्याकाळी ६.०५

तशी ओरड तेव्हा पुष्कळांनी केली होती. ते वर शेवंती म्हणाली तो 'बाहेरून प्रेशर बघणारा'. मुळात फेसबुकच्या ऊमडीची कल्पना, सिस्टिमडीत आवृत्ती २४७ पासून. प्रेशरचे आकडे बराच वेळ चढे राहिले किंवा स्वॅप भरत आला की कर्नलच्या आधीच तो अख्खा सीग्रुप मारतो. ब्राउझर एका गटात असेल तर टॅबांसकट जाणारच. सर्व्हरवर गट नीट पाडलेले असतील तर फार कामाचा. डेबियनमध्ये वेगळं पॅकेज आहे. माटोळीच्या डब्याला तूर्त नको.

---

माटोळी | रविवार, रात्री ९.३५

तीन रात्री झाल्या. टीएमपी हलवलं, पॉलिसी दोन्हीकडे तुम्ही सांगितल्या तशा. मेमरीहाय काढलं नाही, २.५ वरच आहे, आणि आता ते त्रास देत नाही. अंक पुन्हा पाऊण तासात. कोणीतरी टेसरॅक्टच्या थ्रेडची मर्यादा, ओएमपी_थ्रेड_लिमिट, १ ठेवायला सांगितलं होतं तेही केलं, त्याने चार वर्कर एकमेकांच्या पायात येईनासे झाले.

काल रात्री मात्र किल झाला. ओसीआरच्या मेमरी.इव्हेंट्समध्ये ऊम_किल ५, ऊम_ग्रुप_किल १. पाचही गेले, सिस्टिमडीने पुन्हा उठवलं, झालेली पानं वगळून पुढे निघालं, आणि त्याच पानाशी येऊन पुन्हा मेलं. तिसऱ्यांदा मी जागा होतो म्हणून थांबवलं. पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये या सगळ्याचा मागमूस नाही, दोनचा इंडेक्स दोन चाळीसला बांधून तयार.

ते पान म्हणजे अंकाच्या मधोमध घडी घालून शिवलेला रंगीत नकाशा. उलगडला की चार ए४ एवढा. पोरांनी तोही ६०० डीपीआयलाच, रंगीत स्कॅन केलाय.

---

शेवंती | रविवार, रात्री ९.५२

कच्चाच चारशे एमबीच्या वर. टेसरॅक्ट त्याच्या आणखी प्रती काढतो. नकाशाला ओसीआर कशाला हवंय रे?

---

माटोळी | रविवार, रात्री १०.०४

कडेला गावांची यादी छापलीय, बारीक टायपात. आमच्या वाड्याचं जुनं नाव तिच्यात आहे असं वाचनालयातले आजोबा सांगतात. उद्या कडा तेवढी कापून चालवतो.

---

पोदेर | रविवार, रात्री १०.०६

नाव मिळालं की इथे टाक मरे.